दोन सूर्यांचं तळं

“इमारतीची सावली डावीकडे पडलीय आणि झाडांची उजवीकडे. तिथं दोन सूर्य उगवतात काय रे?”

दाजींनी टॅबलेटच्या काचेला नाक टेकवलं होतं. नाक टेकवल्याशिवाय त्यांना हल्ली काही दिसत नसे, आणि टेकवलं की टॅबलेटला ते बोट वाटे, त्यामुळे चित्र सारखं लहान-मोठं होत होतं. माझा भाचा, म्हणजे दाजींचा एकुलता एक मुलगा, पाठीमागून ते नाक बाजूला सारून चित्र पुन्हा जागेवर आणत होता.

“बाबा, सावल्या कसल्या बघताय? तळं बघा, तळं!”

“तळंच बघतोय. पण दोन सूर्य असतील तर टोपी बरोबर घ्यायला हवी.”

“तो इफेक्ट असतो,” भाचा म्हणाला.

जे त्याला समजत नसे त्याला तो इफेक्ट म्हणे. एकदा घरातलं दूध नासलं तेव्हाही तो तसंच म्हणणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून गप्प बसला.

भाचा वेब डिझायनर आहे. हा धंदा काय असतो ते मला सहा वर्षं कळलं नव्हतं, आणि कळल्यावर न कळतं तर बरं, असं वाटलं. न पाहिलेल्या माणसाच्या न पाहिलेल्या दुकानातला न हाताळलेला माल, घराबाहेर पाऊल न टाकता जगाला दाखवायचा, असा तो धंदा. यासाठी त्याच्या खोलीत तीन पडदे होते. एकावर काम, दुसऱ्यावर त्या कामाबद्दलची बोलणी, आणि तिसऱ्यावर चौथा पडदा कुठला घ्यावा याचा शोध. गिऱ्हाईक सकाळी सांगे, बटण निळं करा. दुपारी सांगे, हिरवं करा. तिसऱ्या दिवशी आठ माणसांची बैठक होऊन बटण निळं ठरे, आणि हा घामाघूम होऊन खोलीबाहेर येई, जणू विहीर खणून आला.

दुकानदाराकडून फोटो आणि मजकूर यायला महिना लागतो. तोवर जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून हा आपल्याजवळचं भरताड घालून ठेवी. कुठला तरी डोंगर, कुणी तरी हसरी बाई, ‘आम्हाला इथली सेवा फार आवडली’ असं स्वतःच लिहिलेलं एखादं पत्र. खरा माल आला की भरताड काढायचं, अशी रीत. खरा माल बहुधा येत नसे, आणि आला तरी तोवर याचं लक्ष उडालेलं असे. तीनशेवर वेबसाइटी केल्या पठ्ठ्यानं, साचा एकच. दाताचा दवाखाना आणि गाद्यांचं दुकान यांत फरक म्हणाल तर बटणाच्या रंगाचा. हसरी बाई दोन्हीकडे तीच.

आणि बाप कोण, तर पाट्या रंगवणारा!

शेहेचाळीस वर्षं दाजींनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचा एकच नियम होता, माल पाहिल्याशिवाय पाटीला ब्रश लावायचा नाही. चपलांचं दुकान असेल तर चपला घालून गावभर फिरून येत आणि मग ‘टिकाऊ’ लिहायचं की नाही ते ठरवत. एका दातांच्या डॉक्टरला ‘वेदनारहित दंतोपचार’ असं लिहून हवं होतं. दाजी खुर्चीत बसले आणि म्हणाले, “काढा एक.” चांगला धडधाकट दात होता. डॉक्टरनं तो काढला तेव्हा दाजींची किंकाळी ऐकून समोरच्या न्हाव्याच्या हातून एका सज्जनाची अर्धी मिशी गेली. तो सज्जन मीच, म्हणून खात्रीनं सांगतो. दाजींनी रक्त थुंकून ब्रश उचलला, ‘दंतोपचार’ एवढं एका बाजूला लिहिलं आणि उरलेली अर्धी पाटी कोरी सोडली. डॉक्टर म्हणाला, “हे काय?” दाजी म्हणाले, “दुखायचं थांबलं की बोलवा. येऊन भरून देतो.” डॉक्टर म्हातारा होऊन गेला, पाटी अजून अर्धी कोरी आहे.

एकदाच त्यांनी नियम मोडला होता. बसची तिकिटं विकणाऱ्या एकाला पाटीवर तळं हवं होतं. उगवता सूर्य, होडी, सगळं. दाजींनी विहिरीपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलेलं नव्हतं. पण माझ्या बहिणीशी लग्न ठरलेलं, पैसे हवे होते, नाही म्हणणं जमेना. कॅलेंडर समोर धरून तळं काढलं. लोकांनी वाहवा केली. दाजी मात्र त्या रस्त्यानं पुन्हा गेले नाहीत. बहीण जिवंत असेपर्यंत तिलाही चार गल्ल्यांचा वळसा घालून बाजारात नेत. “तेवढी एक पाटी खोटी आहे माझी,” म्हणायचे.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की, वर्ष संपेतो उजेड आणि अंधार एवढंच कळेल, बाकी काही नाही. जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या, काका. तिसऱ्या दिवशी दाजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “मोठं पाणी बघायचंय. पलीकडचा काठ दिसत नाही असं. सकाळच्या उन्हात.”

मग काय, चिरंजीव कामाला लागले! पायी निघाला असता तर तेवढ्या वेळात चार तळी बघून आला असता, पण बसल्या जागी तीन आठवडे त्यानं हॉटेलं शोधली. पडद्यावर एकेचाळीस खिडक्या उघड्या. शेवटी एक सापडलं तेव्हा उडालाच.

“मामा, या वेबसाइटचं काम बघा! किती स्वच्छ! कुणीतरी जाणकारानं केलंय.” आणि तळाशी कुणा प्रवाशाचं पत्र होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं, “‘पहाटेचं ते तळं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. — एक समाधानी प्रवासी.’ बघा, किती मनापासून लिहिलंय. असं उगीच नाही लिहीत कुणी.”

“कुणी केलंय ते खाली लिहिलंय का?” मी विचारलं.

होतं काहीतरी, पण पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, मुंगीच्या पिल्लाएवढं. हल्ली तशीच पद्धत आहे म्हणे. दाजी म्हणाले, “वाचायचं नसेल तर लिहितात कशाला?” भाचा हसला आणि त्यानं खोल्या नोंदवल्या.

निघायच्या दिवशी त्याच्या सामानाची काय वर्णनं सांगू? कपड्यांची पिशवी एक, वायरींच्या पिशव्या दोन. अकरा चार्जर होते. उडता कॅमेरा, न उडता कॅमेरा, कानात घालायची बोंडं, ती बोंडं ठेवायची डबी, आणि डबीला चार्ज करायची आणखी एक डबी. मनगटावरचं घड्याळ तर विचारू नका. सकाळी डोळे उघडले की हा बायकोशी बोलत नसे, मनगटाकडे बघे. मला झोप कशी लागली? घड्याळ सांगे, शंभरपैकी एकसष्ट. मग दिवसभर तो एकसष्टाच्या हिशेबानं दमलेला राही. फोनमध्ये तर पाणसळही होती. तो आडवा ठेवला की वस्तू सरळ आहे की तिरपी ते आकड्यात सांगे. त्यावरून एकदा यानं बापाला सुनावलं होतं की, आपल्या दारावरची तुम्ही रंगवलेली पाटी पाऊण अंशानं कलली आहे. दाजी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

दाजींचं सामान म्हणजे दोन सदरे आणि चष्म्याच्या जुन्या डबीत फडक्यात गुंडाळलेला एक ब्रश. ब्रश कशाला, असं कुणी विचारलं नाही. माणूस दात घेऊन जातो, तसा ते ब्रश घेऊन जात.

गाडी सूनबाईंनी चालवली. भाचा शेजारी बसून फोनमधल्या बाईचं ऐकत होता.

“ती म्हणतेय, पुढं डावीकडे.”

“पुढं खाण आहे,” सूनबाई म्हणाल्या.

“तिला जास्त माहीत असतं.”

“मग तिच्याशीच करायचं होतंस लग्न.”

खाणीत जाऊन परत यायला दीड तास गेला. तिथला चौकीदार म्हणाला, आठवड्यात तुम्ही सहावे.

संध्याकाळी उघड्या माळावरच्या एका दुमजली पिवळ्या इमारतीसमोर ती बाई म्हणाली की, आपण पोचला आहात. चहूकडे दगड आणि वाळकं गवत. दारावर छापील पाटी होती. उन्हानं तिच्यातला निळा रंग पार उडालेला, ‘सरोवर’ एवढी अक्षरं पांढऱ्यावर पांढरी उरली होती.

भाच्यानं गाडीतून उतरून एक गिरकी घेतली. मग दुसरी, उलट्या बाजूनं.

“तळं कुठाय?”

दारात हॉटेलचा मालक उभा होता. पूर्वी बस चालवायचा. त्यामुळे कुणी कितीही ओरडलं तरी समोर बघत राहायची त्याला सवय होती. त्यानं आधी दाजींना हात धरून खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला दिला.

“घ्या आजोबा. आमच्याकडे पाणी एवढंच.”

“मी विचारतोय, तळं कुठाय?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही, साहेब. कधीच नव्हतं.”

भाच्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं थोडं बरं वाटलं. पोरगं पहिल्यांदाच पडद्याबाहेरच्या कशावर तरी चिडलं होतं. “ही शुद्ध फसवणूक आहे! माझ्या वडिलांचे डोळे जाताहेत. त्यांना तळं दाखवायला चारशे किलोमीटर आणलंय मी. तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही कुणाशी बोलताय. मी स्वतः वेब डिझायनर आहे! एका दिवसात तुमचं नाव मातीत घालीन!”

मालकानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आत जाऊन ओढून-ओढून एक खण उघडला, नि तळाशी जपून ठेवलेलं एक कार्ड आणून सूनबाईंच्या हातात दिलं. कार्डावर फोटो होता.

सूनबाईंनी कार्ड पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“तूच आहेस रे. केस जास्त आहेत, एवढंच.”

मी पुष्कळ थापा मारल्यात आणि पुष्कळांच्या पकडल्याही आहेत. पण स्वतःच मारलेली थाप स्वतःच विकत घेऊन, वर बापाला गाडीत घालून ती बघायला आलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

“मी इमारतीचे सहा फोटो पाठवले होते, साहेब,” मालक म्हणाला. आवाज न चढवता. “तुम्ही मागं तळं लावलंत, वर सरोवर असं नाव टाकलंत. मला वाटलं नमुना असेल. पाटी छापणाऱ्यानंही तुमचंच बघून पाटी छापून आणली. मग माणसं यायला लागली. पोरं पोहायचे कपडे घालून उतरायची गाडीतून. मी तुम्हाला कळवलं, तळं काढा. एकोणीस वेळा लिहिलं. दर वेळी उत्तर आलं, ‘तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ विसाव्यांदा लिहायची मलाच लाज वाटली.”

“आणि ते पत्र?” सूनबाईंनी विचारलं. “समाधानी प्रवाशाचं?”

“तेव्हा स्लॅब पडायचा होता, ताई. कुठला प्रवासी येतोय?”

दाजींनी पेला रिकामा केला. “पाणी गोड आहे,” म्हणाले.

एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. भाच्यानं उडता कॅमेरा काढला. जवळपास कुठं तरी पाणी असणारच, वरून दिसेल, म्हणाला. ते यंत्र भुणभुणत चढलं, आणि आम्ही पाच जण त्या पडद्यात डोकी घालून बघायला लागलो. दगड. गवत. खाण. पुन्हा दगड. मग एक गोल पाणी चमकलं. भाचा ओरडला, “ते बघा!” मालक म्हणाला, “ती आमची सिमेंटची टाकी.” तेवढ्यात पडद्यावर एक चोच आली, मग एक पिवळा डोळा, मग अंधार. घारीनं उचललं. माझ्यावर विश्वास नसेल तर खाणीपलीकडच्या सुळक्यावर तिचं घरटं आहे, जाऊन पाहा. पिल्लं त्याच्या पंख्याखाली वारा घेत बसलेली असतील.

सगळ्यात जवळचं मोठं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर होतं. सूनबाईंची रजा चार दिवसांची, त्यातला एक संपला होता. शिवाय डॉक्टरीणबाईंनी जास्त प्रवास नको म्हणून बजावलं होतं. म्हणजे तळं गेलं. या वर्षी गेलं, आणि पुढचं वर्ष दाजींच्या डोळ्यांना नव्हतं. हे प्रत्येकाला कळलं. भाचा पायरीवर बसून राहिला. फोनला रेंज नव्हती. हात रिकामे असले की ते कुठं ठेवायचे हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं; कधी गुडघ्यावर ठेवी, कधी काखेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजले तरी तो उठेना. उठला तो मनगटाकडे बघतच. घड्याळ मेलं होतं. अकरा चार्जर आले होते, घड्याळाचा तेवढा घरी राहिला होता.

“अगं, मला झोप कशी लागली?”

“मेल्यासारखी. अकरा तास.”

“पण चांगली की वाईट?”

“घोरत होतास. घोरण्याला किती मार्क असतात मला माहीत नाही.”

दाजी मात्र उजाडल्यापासून कामात होते. एकेका खोलीत जाऊन भिंतीवरून हात फिरवत, गादीवर बसत, आडवे होत, उठत. खिडकी उघडून कान लावत. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगत. मालक मागोमाग.

“आजोबा, काय हरवलंय?”

“माल बघतोय.”

दुपारी त्यांनी मुलाला बोलावलं आणि गच्चीवर पूर्वेच्या कठड्याशी बसवलं. मी जवळच टाकीच्या सावलीत पडलो होतो. झोपलो होतो असं त्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं.

“आकाश कसं आहे रे?”

“निळं.”

“कुठलं निळं?”

भाच्यानं तोंड उघडलं. त्याच्या धंद्यात प्रत्येक रंगाला सहा आकड्यांचा नंबर असतो.

“नंबर सांगू नकोस.”

मग त्याला वर बघावं लागलं. बराच वेळ बघत होता. “धुऊन-धुऊन विटलेल्या कॉलरसारखं,” शेवटी म्हणाला. “वर गडद आहे. खाली आलं की विटलंय.”

“हां,” दाजी म्हणाले. “आणि गवत?”

तासभर चाललं ते. मध्येच पोरानं दगडाला जांभळा म्हटलं, तेव्हा मीच डोळे उघडून खात्री केली. होता जांभळा.

तो खाली गेल्यावर मी दाजींना धरलं. “दोन सूर्य तुम्हाला घरीच दिसले होते. मग आलात कशाला?”

“पाणी असतं तर बरं झालं असतं, मेव्हणे,” ते म्हणाले. “फार बरं झालं असतं. पण आपला पोरगा दिसतो कसा, हे विसरायला झालं होतं मला. बघावं तेव्हा त्याच्या तोंडावर खालून तो काचेचा उजेड. त्या उजेडात कुणीही आजारीच दिसतं. म्हटलं, जरा उन्हात बघून ठेवू.”

“दिसला का?”

“नाक आईचं आहे,” दाजी म्हणाले. “माझ्या लक्षातच नव्हतं.”

तिसऱ्या दिवशी मालकाच्या खोलीतल्या वायरवाल्या कॉम्प्युटरवर बसून भाच्यानं वेबसाइटवरचं ते तळं काढून टाकलं. पाच वर्षांत जमलं नव्हतं, चहा निवायच्या आत झालं. सूर्य गेला, होडी गेली, समाधानी प्रवासी गेला, नावही गेलं. इमारतीच्या मागं पांढरं खिंडार उरलं. सवयीनं त्याचा हात डोंगर शोधायला गेला.

“तिथं काय घालायचं आता?” मालकानं विचारलं.

“कोरं राहू दे,” दाजी दारातून म्हणाले. “बाहेरची पाटी काढा. मागची बाजू कोरी असेल ना? आणि घरात रंग कुठला आहे?”

फाटकाला लावून उरलेला काळा तैलरंग निघाला, अर्धा डबा. चौथ्या दिवशी सकाळी पाटी उलटी करून व्हरांड्याच्या भिंतीला टेकवली. दाजींनी दोऱ्याला खडू फासला, एक टोक मुलाच्या हातात दिलं, एक माझ्या, आणि मधोमध चिमटीत धरून टिचकी मारली. पाटीवर पांढरी रेघ उमटली. ती त्यांना दिसत होती की नाही, देव जाणे. चष्म्याची डबी उघडून ब्रश काढला.

“बाबा, मी अक्षरं आखून देऊ?”

“तू बाजूला उभा राहा. उजेड अडवू नकोस.”

नाक पाटीला लागेल इतक्या जवळून ते लिहीत होते. पहिला शब्द असा उमटला की मालकाच्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. दुसराही तसाच. तिसऱ्या शब्दाशी ऊन व्हरांड्यात शिरलं, खडूची रेघ उजळ पाटीत विरली, आणि ओळ खाली उतरायला लागली. हळूच, जिन्यावरून म्हातारा माणूस उतरतो तशी. आम्हाला चौघांनाही दिसत होतं. सूनबाईंनी नवऱ्याच्या दंडाला धरलं. शेवटचं अक्षर पाटीच्या खालच्या कडेला टेकलं, तेव्हा दाजींनी ब्रश उचलला.

‘इथे झोप चांगली लागते.’

“आणि हॉटेलचं नाव, आजोबा?”

“नावं ठेवायला लोक आहेत की. आपण माल तेवढा सांगायचा.”

मालकानं आणि मी पाटी उचलून दारावर लावली, कडा चौकटीशी जुळवून, जुन्याच खिळ्यांना. दाजी शेहेचाळीस वर्षांच्या सवयीनं आठ पावलं मागं गेले, कमरेवर हात ठेवले, आणि जिथं पाटी असायला हवी तिथं मान वर केली.

“सरळ आहे ना रे?”

भाच्याच्या हातात फोन होता. कधी काढला, मी पाहिलं नाही. पाटीसमोर त्यानं तो आडवा धरला होता, ओळीला लावून, आणि काचेवरचा आकडा मला त्याच्या खांद्यावरून दिसला. साडेसहा. पाऊण अंशावरून बापाला सुनावणारा पोरगा हा. तो आकड्याकडे बघत राहिला. मग त्यानं बापाकडे पाहिलं, आणि फोन खिशात घातला.

“सरळ आहे, बाबा.”

दाजींनी कमरेवरचे हात सोडले. “मग झालं,” म्हणाले. ब्रश त्यांनी स्वतः आधी रॉकेलमध्ये आणि मग साबण लावून नळाखाली धुतला, पाणी नितळ यायला लागेपर्यंत, आणि आत जाऊन मालकाच्या टेबलावरच्या पेन ठेवायच्या पेल्यात उभा केला.

गाडीत बसताना सूनबाईंना आठवण झाली. “बाबा, तुमचा ब्रश राहिला.”

“राहू दे,” दाजी म्हणाले, आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

फोनमधल्या बाईला या वेळी कुणी काही विचारलं नाही. माळ संपेपर्यंत भाचा मागच्या काचेतून वळून बघत होता. मान त्यानं किंचित उजवीकडे कलती केली होती. मला वाटलं, अवघडली असेल. मग मीही तशी करून पाहिली. तेवढी मान कलली की ओळ अगदी सरळ दिसते.